बेटावरचं बेट

आजोळी न्हाणीच्या मागे सोनटक्क्याचं बेट होतं. बांबूचं असतं तसंच, पण जेमतेम पुरुषभर उंचीचं आणि फार दाट. न्हाणीचं सगळं पाणी तिकडेच जिरायचं, त्यामुळे वैशाखातही त्याचा बुंधा ओला. श्रावणात आजी दुपारीच कळ्या काढून तांब्यात ठेवायची. दिवेलागणीला त्या उमलल्या की माजघरात दुसऱ्या कशाचा वास उरायचा नाही. एका वर्षी ते बेट वाटेवर आलं म्हणून मामाने कुदळ हातात घेतली. कुदळ उसळत होती, एवढं मला अजून आठवतं. तिला माती लागतच नव्हती. आल्यासारखे गड्डे एकमेकांत गुंतून, एकावर एक चढून त्यांची चांगली हातभर जाडीची गादी झाली होती. मामाने घाम गाळून टोपलीभर गड्डे काढले आणि आजीने ते आळीतल्या चार घरी वाटून टाकले. सोनटक्का फेकून द्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या गादीखाली दुसरं काहीही उगवलेलं नव्हतं. ना दुर्वा, ना टाकळा, ना समोरच्या फणसाचं एखादं रोप. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली. कळला तो हवाई बेटांवरच्या जंगलाबद्दल वाचायला लागल्यावर. तिथे आमच्या सोनटक्क्याच्या सख्ख्या बहिणीने हेच केलं आहे. फरक एवढाच की तिथे फणसाची रोपं नव्हती, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली झाडं होती.

सोनटक्का म्हणजे हेडिकियम कोरोनेरियम, आल्या-हळदीच्या कुळातला. त्याची ही बहीण म्हणजे हेडिकियम गार्डनेरियानम. माहेर हिमालयातलं: नेपाळ, सिक्कीम, भूतान. कणसासारखा लांब पिवळाधमक तुरा आणि त्यातून चहूबाजूंनी बाहेर आलेले तांबडे पुंकेसर. १८१६ नंतर काठमांडूत ब्रिटिशांचे रेसिडेंट असलेल्या एडवर्ड गार्डनर यांचं नाव तिला मिळालं. त्या काळी हिमालयातली रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानामार्फत इंग्लंडला जात, काचेच्या घरांत वाढत आणि तिथून साम्राज्यांच्या बोटींबरोबर जगभर पसरत. ही फुलराणीही तशीच पसरली. अझोरेस, मदेरा, रियुनियन, जमैका, न्यूझीलंड, हवाई. शेवटच्या ठिकाणी लोकांनी तिला ‘काहिली’ म्हटलं. काहिली म्हणजे हवाईच्या राजघराण्याचं मानचिन्ह, उंच काठीला बांधलेला पिसांचा गोल झुबका, आपल्याकडच्या मोर्चेलासारखं. यावरून तिचं तिथे किती कौतुक झालं असेल ते कळतं.

आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जीवजातींच्या यादीत तिचं नाव आहे. त्याच यादीत आपली साळुंकी आहे, मुंगूस आहे. अमेरिका खंडांतून आपल्याकडे आलेली घाणेरी, रानमोडी, जलपर्णी याही आहेत.

हवाईचं जंगल ओहिआ या झाडावर उभं आहे. ज्वालामुखीचा लाव्हा थंड झाला की त्याच्या भेगेत सर्वात आधी रुजणाऱ्या झाडांपैकी हे एक. त्याची लाल फुलं म्हणजे केसरांचे नुसते झुपके, आणि त्यातला मध पिऊन जगणारे पक्षी फक्त तिथलेच. ओहिआचं बी भुकटीसारखं बारीक असतं. दाट जंगलात ते बहुधा जमिनीवर रुजत नाही, वृक्षनेच्याच्या शेवाळलेल्या खोडावर किंवा पडून कुजणाऱ्या ओंडक्यावर रुजतं. त्याला थोडा उजेड, थोडी ओल आणि बोटभर मोकळी जागा पुरते. काहिली नेमकी तेवढीच जागा घेते. तिच्या गड्ड्यांची गादी जमिनीवर पसरते, ओंडक्यांवर चढते, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर जाड होते. वर दोन मीटर उंचीच्या पानांचं छप्पर. खाली अंधार.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या ओळखीची बहुतेक आक्रमक तणं माणसाने आधी मोडलेल्या जागी येतात. रानमोडी जंगल तुटलेल्या उतारावर येते, गाजर गवत पडीक जमिनीवर आणि रस्त्याच्या कडेला. त्यांना ऊन लागतं. म्हणून आपण स्वतःची समजूत घालू शकतो की जंगल शाबूत ठेवलं तर ती आत शिरणार नाहीत. काहिलीला सावली चालते. कुऱ्हाड न लागलेल्या, कुंपण घातलेल्या, राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेल्या जंगलात ती शिरते. किलावेआ ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या राखीव जंगलात ती तशीच शिरली. ते जंगल बाहेरून बघणाऱ्याला हिरवंगार दिसतं. वर जुनी ओहिआ उभी, खाली पिवळ्या फुलांचे ताटवे, पर्यटक फोटो काढतात. त्या जंगलाला पोरं होत नाहीत, हे फोटोत दिसत नाही. २००५ मध्ये याच उद्यानावरून विमानातून केलेल्या अभ्यासात आढळलं की जिथे खाली काहिली माजली आहे, तिथे वरच्या ओहिआच्या पानांतलं नत्रही घटलं आहे. म्हणजे ती पोरांनाच अडवत नाही, म्हाताऱ्यांच्या ताटातलंही काढून घेते.

सिक्कीममध्ये ही असं का करत नाही? कारण तिथे तिला खाणारे आहेत. खोड पोखरणाऱ्या अळ्या आहेत, पानं कुरतडणारे भुंगेरे आहेत, बुरशी आहे, आणि तिच्याइतकीच हट्टी शेजारीण झाडं आहेत. हजारो वर्षं एकमेकांशी भांडून सगळ्यांनी आपापली जागा ठरवून घेतली आहे. बेटावर यातलं कुणीच सोबत गेलं नाही. बागेसाठी नेलेला गड्डा धुऊन-पुसून नेतात, त्याची कीड झटकून नेतात.

आणि बेटावर पळायला जागा नसते. हवाई सर्वात जवळच्या खंडापासून सुमारे ३८०० किलोमीटर दूर आहे. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी सुमारे ९० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे मुख्यतः परक्या आक्रमक जातींमुळे झालेल्या ज्या जागतिक विलोपनांची नोंद आहे, त्यांतली ९० टक्के बेटांवरची आहेत. आपल्याकडे एखादं झुडूप एका डोंगरावरून गेलं तर शेजारच्या डोंगरावर सापडण्याची आशा असते. बेटावर तो शेजारचा डोंगर नसतो.

माझं म्हणणं असं आहे: दोष झाडाचा नाही, आणि त्याच्या माहेराचाही नाही. जो माणूस झाड एका जागेहून दुसऱ्या जागी नेतो, विकतो, लावतो, त्याच्यावर जबाबदारी टाकली पाहिजे. आणि ती झाड नेण्याच्या आधी टाकली पाहिजे, नंतर नाही. निदान बेटांपुरता तरी नियम उलटा करायला हवा. आज बहुतेक ठिकाणी चालतं ते असं की अपाय सिद्ध होईपर्यंत विक्री मोकळी. माझ्या मते हे झाड इथे अपाय करणार नाही असं वाटण्याइतकी माहिती विक्रेत्याने आधी समोर ठेवावी आणि मगच ते झाड बेटावर उतरावं.

हे कुणाला अतिरेकी वाटेल. पण दुसऱ्या पद्धतीत काय होतं ते बघा. शोभेचं झाड आलं की पहिली दहा-वीस वर्षं ते बागेतच असतं, शहाण्यासारखं. मग एखाद्या पावसाळ्यात त्याची फळं उकलतात, नारिंगी सालीतल्या लालभडक बिया पक्षी उचलतात आणि चार मैलांवरच्या जंगलात टाकतात. तिथे पुढची दहा वर्षं कुणाचं लक्ष जात नाही. जेव्हा अभ्यासक अपाय सिद्ध करतात तेव्हा गड्ड्यांची गादी मीटरभर झालेली असते. पुरावा मिळतो तो नेहमी उशिरा मिळतो, कारण पुरावा म्हणजेच झालेलं नुकसान. रोपवाटिकेने रोप एकदा विकलं, पैसे एकदा घेतले. आता किलावेआच्या माथ्यावर स्वयंसेवक जातात, खोडं छाटतात, कापलेल्या गड्ड्यावर औषध लावतात, पुढच्या वर्षी त्याच जागी परत येतात, कारण बोटाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून कोंब येतो. या कामाचा खर्च कुणी सोसायचा, हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे. एकाचा नफा आणि दुसऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ, असा हिशेब आपण दुसऱ्या कुठल्याही धंद्यात मान्य करत नाही.

आणि हा नियम स्वप्नातला नाही. ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून नव्या झाडासाठी ४९ प्रश्नांची चाचणी लावली: दुसरीकडे कुठे तण झालं आहे का, सावलीत वाढतं का, पक्षी बी नेतात का, तुकड्यापासून रुजतं का. काहिलीला हे प्रश्न विचारले असते तर ती दारातच अडकली असती. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या कायद्यापासून नवी जात परवानगीशिवाय आणताच येत नाही. काहिली आणि तिची आणखी एक फिकट पिवळी बहीण यांची विक्री, लागवड, वाटप तिथे बंद आहे. मात्र हे शहाणपण काहिली जंगलात पोचल्यावर आलं, म्हणून ते लोक आज एकाच वेळी दार लावताहेत आणि घरही झाडताहेत.

आता विरोधी बाजू. तिच्यात तथ्य आहे.

पहिलं म्हणणं असं की निसर्ग बदलतच असतो, बेटांवर झाडं कुठूनतरी आलीच ना? आलीच. वाऱ्यावर, लाटांवर, पक्ष्यांच्या पायाला चिकटून. पण हजारो वर्षांतून एखादं बी. त्या वेगाने आलेल्या पाहुण्याला सामावून घ्यायला बेटाला वेळ मिळतो. गेल्या दोनशे वर्षांतला वेग बोटीचा आणि विमानाचा आहे. नदी डोंगर झिजवते म्हणून डोंगराला सुरुंग लावणं नैसर्गिक ठरत नाही.

दुसरं म्हणणं मला जास्त अस्वस्थ करतं. ‘परकी’, ‘आक्रमक’, ‘हुसकावून लावा’ हे शब्द झाडांबद्दल बोलता बोलता माणसांवर कधी घसरतात ते कळत नाही. अनेकांनी ते मुद्दाम घसरवले आहेत. म्हणून मी स्पष्ट सांगतो: माणूस म्हणजे वनस्पतीची जात नव्हे, स्थलांतरित माणसं कुणाला निर्वंश करायला जात नाहीत, आणि हा युक्तिवाद झाडांपुरताच आहे. झाडांच्याही बाबतीत मूळ गाव हा निकष नाहीच. पॉलिनेशियन लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी होडीतून हवाईला स्वतःचं एक आलं आणलं. त्याच्या कणसातल्या चिकाने तिथले लोक केस धूत. तेही बाहेरचंच, पण त्याने जंगल गिळलं नाही. कुणी त्याच्यावर कोयता उगारत नाही. झाड काय करतं ते बघायचं, कुठून आलं ते नाही.

तिसरं म्हणणं प्रेमाचं. आमचा पांढरा सोनटक्का क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे त्याला मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात. हवाईत त्याचे गळ्यात घालायचे हार होतात. ब्राझीलमध्ये मात्र तो ओढ्यांच्या काठाने आणि दलदलीत माजला आहे. एकाच फुलाच्या या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्या बाईने आयुष्यभर ते फूल केसांत माळलं, तिला एक दिवस ‘हे तण आहे, उपटा’ असं सांगणं सोपं नाही, आणि सरकारी चोपडी हातात देऊन तर नाहीच. काहिलीचंही तेच. पण आपल्या आवडीची किंमत दुसऱ्या कुणीतरी मुकाट्याने मोजत असेल, तर ते डोळ्यांआड करणं मला जमत नाही.

अटलांटिक महासागरातल्या, पोर्तुगालच्या अझोरेस द्वीपसमूहातल्या साओ मिगेल बेटावर ती किंमत एक चिमुकला पक्षी मोजत होता. प्रियोलो हे त्याचं नाव, जाड चोचीचा, करड्या-तपकिरी अंगाचा. एकोणिसाव्या शतकात संत्र्याच्या बागांतल्या कळ्या खातो म्हणून लोकांनी तो मारला, मग बेटाच्या पूर्व टोकाच्या डोंगरातल्या मूळ जंगलाच्या एका तुकड्यात तो तग धरून राहिला. ऋतूप्रमाणे कधी कळ्या, कधी बिया, कधी नेच्याचे बीजाणू असं त्याचं खाणं, आणि ते सगळं देशी झाडांवरचं. त्या तुकड्यात काहिली शिरली आणि खाण्याची झाडंच कमी होत गेली. २००३ पासून तिथल्या पक्षिप्रेमी संस्थेने आणि स्थानिक सरकारने युरोपीय निधीतून काहिली काढायला आणि त्या जागी देशी रोपं लावायला सुरुवात केली. अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला तो पक्षी २०१० मध्ये एक पायरी वर आला आणि २०१६ मध्ये आणखी एक. कुणी म्हणेल एका पक्ष्यासाठी एवढा खटाटोप कशाला. मला हा एक पक्षी पुरतो.

पण हाताने काढून किती काढणार? उभ्या कड्यांवर, ढगांतल्या दऱ्यांत माणूस पोचत नाही. म्हणून न्यूझीलंड आणि हवाईतल्या संस्थांच्या पैशातून अभ्यासक सिक्कीमच्या डोंगरात आले, काहिलीला तिच्या माहेरी कोण खातं ते शोधायला. खोड पोखरणारी माशी सापडली, भुंगेरे सापडले. पुढचं काम चिकट आहे. हा कीटक आलं खात नाही ना, हळद खात नाही ना, हे वर्षानुवर्षं तपासावं लागतं, कारण कूळ एकच. ही तपासणी पुरी झाल्याशिवाय एकही कीटक कुठल्याही बेटावर सोडू नये, असंच माझंही मत आहे. हवाईतच पूर्वी मुंगूस सोडले होते, उसातले उंदीर खातील म्हणून. १८८३ मध्ये जमैकाहून आणलेल्या त्या मुंगसांचे पूर्वज कलकत्त्याहून गेलेले होते. त्यांनी उंदरांबरोबर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही खाल्ली. तेव्हा कुणी काही तपासलं नव्हतं.

आपला संबंध इथे येतो. आपल्या डोंगरातला जीव बाहेर न्यायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ती लागायलाच हवी, आपल्या जंगलातून काहीही उचलून न्यायचे दिवस संपले हे बरं झालं. पण तपासून-पारखून झालेला कीटक दुसऱ्याचं जंगल वाचवायला मागितला जात असेल, तर आपण मोकळ्या मनाने द्यावा. आपण असे घेतलेले आहेत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं गाजर गवत देशभर पसरलं, तेव्हा १९८० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून भुंगेरे आणले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ते ‘मेक्सिकन भुंगेरे’ म्हणूनच ठाऊक आहेत. जलपर्णीवर सोडलेले सोंडेही दक्षिण अमेरिकेतले. मेक्सिकोने दिलं, आपण घेतलं. आता हिमालयाने द्यायची पाळी आहे.

आणि दुसरा संबंध आपल्या दारातला. रस्त्याच्या दुभाजकावर, सोसायटीच्या उतारावर, कंपनीच्या फाटकाशी ती चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची जमिनीलगत पसरणारी वेडेलिया बघा. पाणी कमी, देखभाल नाही, म्हणून माळ्याची लाडकी. मूळची उष्ण अमेरिकेतली, काहिलीबरोबर त्याच १०० च्या यादीत असलेली, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर माजलेली. आपल्या रोपवाटिकांत ती पिशवीच्या हिशेबाने मिळते. खोडाचं एकेक पेर रुजतं तिचं. देशात येणाऱ्या झाडांसाठी आपल्याकडे २००३ चा विलगीकरणाचा आदेश आहे, पण त्याचा रोख मुख्यतः पिकांच्या किडी, रोग आणि शेतातली तणं यांच्यावर आहे. आधीच आलेलं शोभेचं झाड पुण्याच्या रोपवाटिकेतून सड्याच्या काठच्या रिसॉर्टवर किंवा अंदमानच्या बोटीवर चढताना त्याला कुणी काही विचारत नाही. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपपासून सुरुवात करा, ही माझी मागणी आहे. तिथे कुठली शोभेची झाडं नेता येतील याची छोटी यादी करा, यादीत नसलेलं बोटीवर चढू देऊ नका. आणि पालिकांनी निदान वेडेलियाची निविदा काढणं थांबवावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, उद्यान विभागाच्या एका साहेबाची सही लागते.

सोनटक्क्याबद्दल मात्र मी अजून घुटमळतो. आमच्याकडे त्याला बी धरलेलं मी कधी पाहिलं नाही, तो गड्ड्यानेच पसरतो, आणि न्हाणीमागून उठून तो डोंगरात गेला नाही. परसात राहिला तर राहू दे. पण त्याची छाटणी ओढ्यात टाकू नये, हे मी आता घरोघरी सांगतो. पाणी त्याला कुठेही नेईल.

गेल्या वर्षी मामी ऑकलंडला निघाली. मामेबहिणीने फोनवर सहज म्हटलं होतं की इकडे सगळं आहे, आजीच्या सोनटक्क्याचा वास नाही. मामीने त्याच संध्याकाळी गड्डा खणला, धुतला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पापडांच्या डब्यात खाली ठेवला. मी तिला विमानतळावरच्या ४०० डॉलरच्या दंडाचं सांगितलं. त्याने ती बधली नाही, म्हणाली, सांगेन आलं आहे म्हणून. मी म्हटलं, मामी, तेही चालत नाही, आणि तिथल्या माणसाला गड्डा पाहून पांढरा कुठला आणि पिवळा कुठला ते ओळखता येणार नाही. मग मोबाइलवर तिला किलावेआचा फोटो दाखवला. वर ओहिआ, खाली पानंच पानं. ती बराच वेळ बघत राहिली. ‘अगं बाई, हे तर आपलं न्हाणीमागचं,’ म्हणाली, ‘पण एवढं?’

तिने डबा उघडला, फडकं सोडलं आणि अंधारातच मागल्या दारी जाऊन गड्डा होता तिथे पुरून आली.